टीमसाठी काय निवडाल: पूर्ण घरून की हायब्रिड (काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून)?

घरून काम चांगलं होतं की वाईट, या वादात दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. शांघायच्या सीट्रिप कंपनीने २०१०-११ मध्ये कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांना नऊ महिने, आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. चेन्नईत डेटा एंट्रीवर असाच प्रयोग झाला, तेव्हा घरून काम करणारे ऑफिसवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी मागे पडले. शिवाय ज्यांना घरूनच काम हवं होतं, त्यांची घसरण जास्त होती. सीट्रिपची एक अट इथे विसरू नये: घरी स्वतंत्र खोली हवी. वन बीएचकेत सासू-सासरे आणि शाळकरी मुलं असतील, तर शांघायचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

पण हे दोन्ही प्रयोग एकेकट्याने करायच्या कामाचे. टीमचं गणित वेगळं असतं. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरांचा अभ्यास झाला. टीम एकाच इमारतीत बसत असेल तर नवख्यांना कोडवर जास्त अभिप्राय मिळत होते. कोविडमध्ये ऑफिसं बंद झाली आणि हा फरक जवळजवळ पुसला गेला. मात्र शिकवण्यात सीनियरांचा वेळ जात होता, त्यांचा स्वतःचा कोड कमी होत होता. म्हणजे पूर्ण रिमोटमध्ये या तिमाहीचा आकडा छान दिसेल आणि दोन वर्षांनी तयार माणसं शोधत फिराल.

हायब्रिडची बाजू मला त्यामुळेच भक्कम वाटते. सीट्रिपनेच, ट्रिप डॉट कॉम झाल्यावर, २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांवर प्रयोग केला. त्यात इंजिनीअर होते, मार्केटिंग आणि फायनान्सवालेही होते. निम्म्यांना बुधवार आणि शुक्रवार हे दोन दिवस घरून काम. मूल्यांकनात, बढत्यांत फरक पडला नाही; नोकरी सोडण्याचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं. उत्पादकता घसरेल असा मॅनेजरांचा आधीचा अंदाज होता. नंतर त्यांचंही मत बदललं.

यातली ग्यानबाची मेख म्हणजे ठरलेले वार. आपल्याकडे अनेक ठिकाणी ‘आठवड्यातून तीन दिवस या, कुठलेही’ असं चालतं. मग माणूस हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून तासभर रखडत पोहोचतो आणि डेस्कवर हेडफोन लावून घरी बसलेल्या सहकाऱ्यांशी टीम्स ॲपवर बोलतो. असं हायब्रिड असेल तर पूर्ण रिमोट परवडलं, निदान पेट्रोल तरी वाचेल.

टीममध्ये सगळे पाच-सात वर्षं मुरलेले, काम तिकिटांवर, म्हणजे नोंदवलेल्या सुट्या कामांवर, मोजता येणारं आणि माणसं नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशी विखुरलेली असतील, तर रिमोटच ठेवा. फ्रेशर घेणार असाल तर हायब्रिड, आणि मंगळवार-गुरुवारसारखे दोन वार सगळ्यांना सारखे. त्या दिवशी सीनियरांच्या कॅलेंडरवर क्लायंट कॉल टाकू नका. नवख्यांना प्रश्न विचारायला ते मोकळे हवेत.