स्टॉर्नोवेचं ब्लॅक पुडिंग की बुर्गोसची मोर्सिया?

रक्ताचं सॉसेज घ्यायचं तर कुठलं, हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला ते कशाचं असतं हे सांगत बसायची गरज नसते. तेव्हा थेट दोन नावांवर येतो. एक स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचं स्टॉर्नोवे ब्लॅक पुडिंग, दुसरी स्पेनमधली बुर्गोसची मोर्सिया. भौगोलिक मानांकन दोघांनाही आहे, पहिल्याला २०१३ पासून, दुसरीला २०१८ पासून. त्यामुळे अस्सल-नक्कलचा वाद इथे नाही.

निव्वळ चवीवर निकाल लावायचा झाला, तर मोर्सिया बहुधा जिंकेल. तिच्यात रक्ताइतकाच कांदा बोलतो. होर्काल जातीचा हा कांदा शिजून गोडसर होतो, सोबत तांदूळ, डुकराची चरबी, मिरी आणि पिमेंतोन, म्हणजे स्पॅनिश लाल मिरचीची पूड. स्टॉर्नोवेचा मामला साधा : रक्त, ओटची भरड, गुरांची चरबी, कांदा, मीठ, मिरी. मसाल्याची हौस असणाऱ्याला हे जरा अळणी वाटेल.

माझं घोडं मात्र तव्यावर अडलं. मोर्सियातला तांदूळ सुटा राहतो. काप उलटायला जावं तर कडेचे दाणे निखळतात, कांद्याचं पाणी तेलात उतरतं आणि चुलीभोवती तडतड सुरू. जाड काप केले, पीठ लावलं, तवा आधी कडकडीत तापवला. त्रास कमी झाला, पण एखादा काप मोडायचाच. सुटलेले दाणे कडक होऊन दाताखाली येतात ते वेगळंच. काहींना नेमका तोच कुरकुरीतपणा हवा असतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही. ओटची भरड मात्र ओल शोषून फुगते आणि सगळं धरून ठेवते. काप उलथन्यावर अख्खा येतो, वरून खरपूस, आत रवाळ. शिंपल्यातल्या स्कॅलपसोबत किंवा सकाळच्या अंड्यांसोबत तो शोभतोही.

(उत्तर इंग्लंडमधल्या बरी गावचं पुडिंग उकडून व्हिनेगर किंवा मोहरीबरोबर खातात, तिथे तव्याची भानगडच नाही. पण त्यात बार्ली असते, तो वेगळा विषय.)

भांड्यात शिजवायचं असेल, तर मात्र पारडं फिरतं. बुर्गोसच्या ओया पोद्रिदा नावाच्या रश्शात लाल घेवड्याबरोबर मोर्सिया पडते, तेव्हा तिचं सुटणंच रश्शाच्या कामी येतं. तसा बेत असेल तर खुशाल तीच घ्या.

पण घरात तवा आणि हाताशी थोडासाच वेळ, एवढंच असेल तर मी स्टॉर्नोवेचं सुचवेन. वर प्लास्टिकचं आवरण असलं तर आधी काढा. दोन्ही प्रकार उकडूनच विकायला येतात, त्यामुळे फक्त रंग येईपर्यंत भाजायचं. जास्त भाजलं की ओट कोरडं पडतं. आणि ताटली गरम करून ठेवा, कारण गुरांची चरबी निवली की टाळूला चिकटते.