स्मार्ट पोझिशनर आणि डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर: एक पावसाळा काढल्यावर

वॉरंटीचं भांडण एकदाचं मिटलं, म्हणून आता मोकळेपणानं लिहितो. महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला आहे. पोझिशनर (हवेच्या दाबानं व्हॉल्व्ह हवा तितका उघडून धरणारं यंत्र) कुणाचा ते लिहीत नाही, कारण सुटे भाग अजून त्यांच्याकडूनच घ्यायचेत.

झालं असं की रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला स्टीम देणारा व्हॉल्व्ह अचानक नाचायला लागला. सर्व्हिसवाला आला, कव्हर उघडलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, तुमची हवा ओली आहे. हे वॉरंटीत बसत नाही." हे वाक्य यांच्याकडून ट्रेनिंगमध्येच पाठ करून घेतात की काय कोण जाणे. आमच्या हवा सुकवणाऱ्या ड्रायरचा ड्यू पॉइंट (हवेत ओल किती ते सांगणारा आकडा) रोज लिहिला जातो, तो दाखवला. ऐकेना. मग पोझिशनर ट्रॅव्हल कंट्रोलवरून (व्हॉल्व्ह किती हलला ते बघून दाब बदलणं) काढून प्रेशर कंट्रोलवर टाकला, म्हणजे तो फीडबॅककडे न बघता फक्त ठरावीक प्रेशर धरून ठेवणार. स्पिंडलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर, खडूची रेघ मारली. पंधरा मिनिटं रेघ जागची हलली नाही, सप्लाय आणि आउटपुट दोन्ही प्रेशर सरळ रेषेत, आणि ट्रॅव्हल फीडबॅक मात्र उड्या मारतोय. म्हणजे हवा निर्दोष, त्यांचा सेन्सर गेलेला. ट्रेंडचा प्रिंट काढून मेलला जोडला. बरीच मेलामेली झाली, पण नवीन युनिट फुकट आलं. त्यांच्याच वस्तूनं त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली याचा आनंद पैशांहून जास्त झाला, खोटं कशाला बोलू.

आता सुरुवातीपासून. आमच्या जुन्या डीसीएसची (प्लांट चालवणारी संगणक यंत्रणा) कार्डं हार्ट सिग्नल, म्हणजे नेहमीच्या वायरीवरूनच येणारी उपकरणाची जादा डिजिटल माहिती, वाचत नाहीत. ४-२० मिलिअँपिअरवर बसून येणारी सगळी माहिती वर्षानुवर्षं मार्शलिंग कॅबिनेटपर्यंत (बाहेरच्या वायरी जिथं एकत्र येतात ते कपाट) येऊन तिथंच वाया जात होती. ट्रान्समीटरला (मोजमाप पाठवणारं उपकरण) हार्टचे पैसे दिलेले, आणि वापर काय, तर वर्षातून एकदा हॅन्डहेल्ड लावून रेंज बदलायला. म्हणून ही माहिती वाचणारा मल्टिप्लेक्सर आणि ती दाखवणारं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर घेतलं. हार्टचा वेग १२०० बिट्स प्रति सेकंद, त्यात मल्टिप्लेक्सर एकेका लूपकडे पाळीपाळीनं जाणार. घाईची माहिती यातून मिळणार नाही हे आधीच समजून घ्या.

पहिले काही आठवडे मी या सॉफ्टवेअरला शिव्याच घातल्या. लावल्याबरोबर स्क्रीनभर अलर्ट. नामूर या प्रोसेस उद्योगाच्या संघटनेच्या एनई १०७ शिफारशीप्रमाणे चारच प्रकार: बिघाड, काम चालू असल्यानं तपासणी, मर्यादेबाहेर, आणि देखभाल हवी. पण कारखान्यातून येताना सगळ्याच खुणा चालू, त्यामुळे "देखभाल हवी"चा नुसता पूर. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, बंद करा ते. त्यांचं चुकलं नव्हतं. शेवटी नियम केला: अलर्ट आल्यावर कुणी काय करायचं हे सांगता येत नसेल, तर तो अलर्ट बंद. ऑपरेटरच्या पॅनेलवर फक्त बिघाड जाणार, बाकी सगळं आमच्या टेबलावर. हे काम सॉफ्टवेअर विकणारा करून देत नाही. त्याच्या डेमोमध्ये सगळं हिरवंच असतं.

मत बदललं ते व्हॉल्व्ह सिग्नेचरनं, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून-मिटून काढलेल्या दाब आणि हालचालीच्या आलेखानं. दुसऱ्या एका स्टीम व्हॉल्व्हवर तापमान कायम वरखाली व्हायचं आणि दर शिफ्टला कुणीतरी पीआयडीची (तापमान सांभाळणारा कंट्रोलर) ट्यूनिंग छेडायचं. बॅच संपल्यावर लाइन रिकामी असताना सिग्नेचर काढली. उघडतानाची आणि मिटतानाची रेघ, दोन्हींत जे अंतर दिसतं ते घर्षण. आधीच्या शटडाऊनच्या आलेखाशी लावून पाहिलं तर अंतर जवळपास दुप्पट. ग्लँडमधून (स्पिंडल व्हॉल्व्हबाहेर येतो तिथून) थोडी स्टीम गळत होती, म्हणून कुणीतरी पॅकिंग आवळून आवळून स्पिंडलचा गळाच धरला होता. पॅकिंग बदललं, लूप शांत. ट्यूनिंग जुनीच परत टाकली.

आता ज्याच्यासाठी माझा जीव जळतो ते: कव्हरचे स्क्रू. इतका महागडा पोझिशनर, आणि कव्हरचे चारही स्क्रू सैल केले की सरळ हातात येतात. कव्हरला अडकून राहतील असे का नाही केले? आमचे प्लॅटफॉर्म जाळीचे. स्क्रू सुटला की दोन मजले खाली, पंपाच्या ड्रेनमध्ये. भर जुलैत, महाडच्या पावसात, एका हातात छत्री आणि एका हातात अ‍ॅलन की घेऊन हे काम करून बघा. तीन स्क्रूंवर बसवलेल्या कव्हरमधून पाणी आत जाणारच, आणि मग हेच लोक म्हणणार हवा ओली आहे! सुटा स्क्रू मागितला तर म्हणाले पूर्ण कव्हर किट घ्या. शेवटी रोह्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेसचे आणले.

सुरक्षेच्या बाजूचं जरा नीट सांगतो, कारण विक्रीवाले इथंच गोलमाल करतात. शटडाऊन व्हॉल्व्ह, म्हणजे धोका दिसला की लाइन बंद करणारा, वर्षभर उघडा उभा असतो. अडकला असला तरी कुणाला कळत नाही, कळतं ते गरज पडल्यावर. असा लपलेला धोकादायक बिघाड दहा लाख तासांत एक धरला, तर ऐन वेळी व्हॉल्व्ह न चालण्याची सरासरी शक्यता म्हणजे हा दर गुणिले दोन चाचण्यांमधला काळ, भागिले दोन. वर्षाला एकदा पूर्ण चाचणी केली तर ०.००४४, म्हणजे एसआयएल २ या सुरक्षा पातळीच्या पट्ट्यात. तीन वर्षांनी केली तर ०.०१३, पट्ट्याच्या बाहेर. मध्ये दर महिन्याला व्हॉल्व्ह जेमतेम दहा टक्के हलवून पाहिला, आणि त्यात साठ टक्के बिघाड पकडले जातात असं धरलं, तर तीन वर्षांनाही आकडा ०.००५५ च्या आसपास येतो. हिशेब फक्त व्हॉल्व्हचा, सेन्सर आणि लॉजिक वेगळे.

हा हिशेब आमच्या मॅनेजमेंटला फारच आवडला. पूर्ण चाचणीच पुढे ढकलू म्हणाले. पण दहा टक्के हलवून सीट घट्ट बसते का ते कळत नाही. झिजलेली सीट पूर्ण बंद केल्यावरच दिसते. आणि ते साठ टक्के कुठून आले, ते आमच्या माध्यमाला लागू आहेत का, हे कागदावर दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही असं सांगितलंय. अजून वाद चालू आहे.

फुकटचा ट्रिप (धोका नसताना प्लांट आपोआप बंद पडणं) टाळायला मात्र नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. ट्रान्समीटर बिघडल्यावर त्याचा सिग्नल नामूरच्याच एनई ४३ प्रमाणे ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर जातो. हाय टेम्परेचर ट्रिपच्या लॉजिकला २१ म्हणजे "तापमान वाढलं" असंच वाटत असेल, तर सेन्सरच्या सुटलेल्या वायरीमुळे बॅच जाते. तीनपैकी दोनच्या व्होटिंगमध्ये (तीन ट्रान्समीटरपैकी दोघांनी सांगितलं तरच ट्रिप) तो सिग्नल बिघाड म्हणून बाजूला काढता येतो. आमच्याकडं ते सेटिंग होतं, कुणी केलेलंच नव्हतं. एवढी एकच गोष्ट केली तरी अर्धा खर्च निघाला.

आणि डायग्नोस्टिक घेतलं म्हणजे काम झालं असं वाटत असेल तर इंग्लंडच्या बन्सफिल्ड इंधन डेपोतल्या स्फोटाचा अहवाल वाचा. ११ डिसेंबर २००५ ला ज्या टाकीतून पेट्रोल ओतू गेलं, तिचा लेव्हल गेज ३१ ऑगस्टपासून १४ वेळा अडकला होता. हे माहीत नव्हतं असं नाही. वरचा स्वतंत्र हाय लेव्हल स्विच चाचणीच्या लिव्हरला कुलूप नसल्यामुळे कामाचा नव्हता. आमच्याकडंही म्हणूनच सोमवारी सकाळी एक माणूस बसून अलर्टची यादी बघतो, हे काम त्याच्या नावावरच लिहिलंय. तो रजेवर गेला की यादी वाढते.

घ्यावं का? नवीन प्लांट असेल तर हार्ट वाचणारी आयओ कार्डंच (डीसीएसमध्ये वायरी येतात ती कार्डं) घ्या, मल्टिप्लेक्सरच्या वाटेला जाऊ नका. जुन्या प्लांटमध्ये सॉफ्टवेअरमध्ये सगळे टॅग (एकेक उपकरण) घालू नका, कारण लायसन टॅगमागे आहे आणि मर्यादा ओलांडली की पुढचा टप्पा एकदम घ्यावा लागतो. आम्ही टाकीच्या तापमानाचे, युटिलिटीचे सगळे काढून टाकले. शटडाऊन व्हॉल्व्ह, स्टीमचे व्हॉल्व्ह आणि ट्रिपचे ट्रान्समीटर ठेवले. इम्पल्स लाइन (दाब ट्रान्समीटरपर्यंत आणणारी बारीक नळी) तुंबलीय हे सिग्नलमधल्या गोंगाटावरून ओळखणारे ट्रान्समीटर मिळतात, ते पुढच्या शटडाऊनला दोन घालून बघणार आहे. पोझिशनर पुन्हा हाच घेईन, नाइलाजानं. ऑर्डरमध्ये कव्हरचे चार जादा स्क्रू लिहून घेतलेत, दरासकट.