जुना लॅपटॉप: प्रोसेसर बदलू की एसएसडी टाकू?

भाचा याच प्रश्नात अडकलाय: प्रोसेसर, की हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान एसएसडी? लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या दुसऱ्या जनरेशनचा, आय५-२५२०एम. तो सॉकेटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या खाचेत) बसवलेला आहे म्हणून बदलता तरी येतो, पाचव्या जनरेशनपासून जवळपास सगळीकडे बोर्डावर सोल्डरच केलेला, तिथे विषयच संपला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुना क्वाड कोर आय७ मिळेलही पण ३५ वॅटच्या जागी ४५ वॅट, म्हणजे जास्त तापणार, आणि आपल्या उकाड्यात तो पंखा आधीच बोंबलतोय! शिवाय बायोसने (लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरने) तो ओळखला पाहिजे, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा भाग) काढा, मधली वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट पुसा, नवी लावा. एसएसडीला बहुतेक मॉडेल्समध्ये खालचे दोन-चार स्क्रू, झालं काम, आणि विंडोज पटकन उघडतं ते तिच्यामुळेच. उद्या लॅपटॉप मेला तरी ती दुसऱ्यात लागते. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी प्रोसेसरच्या मागे लागावं, तेही एसएसडी टाकून झाल्यावर. ब्राउझर, एक्सेलवाल्यांना एसएसडी पुरे.