शनिवारवाड्याची वारसा-फेरी: नातीलाही नेणार

पुण्याच्या सदाशिव पेठेत पन्नास वर्षं काढली, पण वाडा म्हणजे बाजीराव-मस्तानी एवढंच डोक्यात. परवा सूनबाईनं या फेरीचं तिकीट काढून दिलं.

दिल्ली दरवाज्याच्या खिळ्याला हात लावला, चांगला लांब, उन्हानं तापलेला. हत्तीची धडक अडवायला ठोकलेले हे खिळे. आणि याच वाड्यासमोर १८०१ साली दुसऱ्या बाजीरावानं विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं! गाइड मुलीनं आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त लागलं. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाला दगडांनी ठेचलं, तेही आलं ओघात.

पण मन अडकलं कुणबिणींपाशी, म्हणजे पेशवाईतल्या गुलाम बायकांपाशी. बायका विकत घ्यायच्या, दळण-कांडणाला जुंपायच्या, आणि हे सगळं रीतसर हिशेबात लिहायचं. १८४३ च्या कायद्यानं कोर्टांनी गुलामी मानणं थांबवलं. गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती दंडसंहितेत, १८६० साली. शाळेत हे कुणी शिकवलंच नाही हो आम्हाला.

तक्रार एकच: तीसेक माणसं, माइक नाही, मागच्यांना काही ऐकू येत नाही. सकाळी सातचीच तुकडी घ्या, नऊनंतर पाय भाजतात.