बायपोलरसाठी मूड-ॲप की कागदी लाइफ चार्ट?

मूड नोंदवायच्या बऱ्याच ॲपमध्ये रडक्या चेहऱ्यापासून हसऱ्या चेहऱ्यापर्यंत एक पट्टी असते. बायपोलर म्हणजे मूड कधी उन्मादाकडे (मॅनिया), कधी नैराश्याकडे (डिप्रेशन) झुकणारा आजार. त्यासाठी मोजमापाची ही पद्धतच चुकीची आहे. जितका हसरा तितका बरा, असा हिशेब या आजारात चालत नाही. हायपोमेनियात, म्हणजे मॅनियाच्या सौम्य रूपात, माणसाला झकासच वाटत असतं, मग तो पूर्ण हसरा चेहरा दाबतो आणि धोक्याची खूण चांगल्या दिवसात जमा होते.

म्हणून आमचं मत एनआयएमएच लाइफ चार्टला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा हा जुना तक्ता. मधली रेघ म्हणजे स्थिर मूड, वर मॅनिया, खाली डिप्रेशन. तीव्रता ठरते ती रोजच्या व्यवहारात किती अडथळा आला यावरून: सौम्य, मध्यमच्या दोन पायऱ्या आणि तीव्र. ‘जरा हळू बोल’ असं दोघातिघांनी सांगितलं, मध्यरात्री नको ती खरेदी झाली, तर कितीही मस्त वाटत असलं तरी खूण रेघेच्या वरच करायची.

झोपेचा रकाना सगळ्यात कामाचा. झोप लागत नाही आणि दिवसभर गळून गेल्यासारखं होतं, ही एक गोष्ट. चार तास झोपूनही अंगात उत्साह मावत नाही, ही वेगळी. दुसरा प्रकार सलग दोन-तीन रात्री दिसला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा. इथे तक्त्यात एक उणीव आहे: तो फक्त तास विचारतो. झोपायची आणि उठायची वेळ समासात लिहावी, कारण वेळ रोज सरकत गेली तरी मूडचा तोल जाऊ शकतो.

औषधांच्या रकान्यात लिहून दिलेल्या नव्हे, प्रत्यक्ष घेतलेल्या गोळ्या मोजायच्या. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर रक्तातल्या पातळीचा आकडा आणि तारीखही टिपावी. रक्त शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी द्यायचं, सकाळचा डोस असल्यास तो रक्त दिल्यावर. जुलाब, उलट्या, आयबुप्रोफेन (वेदनाशामक गोळी) यांची नोंद हवीच, त्यांनी लिथियमची पातळी चढते. पातळी फार चढल्याची खूण म्हणून हात खूप थरथरले, चालताना तोल जाऊ लागला, तर तक्ता बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

मॅनियासोबत चिडचिड, घालमेल, उदासी असेल, तर त्यासाठी वेगळा चौकोन आहे. बरेच जण तो रिकामा सोडतात. असं करू नका, मिश्र अवस्थेत आत्महत्येचा धोका वाढतो.

रविवारी बसून आठवडाभराचं आठवून भरलेला तक्ता कुचकामी, रोज रात्रीच्या गोळीबरोबरच भरावा. आठवण करून द्यायला ॲपचा गजर जरूर लावा. आजार भरात असताना स्वतः भरणं जमत नाही, तेव्हा घरच्यांनी झोपेचे तास आणि गोळ्या एवढं लिहिलं तरी डॉक्टरांना पुष्कळ कळतं.