आय-जॅस कॉर्पस: शिकणाऱ्यांच्या जपानीतले ‘एऽतो’ आणि ‘आनोऽ’ तपासायचे असतील तर

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत बोलण्याचा भाग नाही. त्यामुळे तिची एन-2 ही वरून दुसरी पातळी पार केलेला विद्यार्थीसुद्धा अडखळला की सरळ ‘अंऽ… म्हणजे…’ वर येतो आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाठ्यपुस्तकी संवादात ‘आनोऽ’सारखा फिलर, म्हणजे थांबल्यावर पोकळी भरणारा शब्द, फार तर वाक्याच्या तोंडाशी एकदा भेटतो. शिकणारी माणसे नेमकी कुठे थांबतात आणि ती पोकळी कशाने भरतात, हे कानांनी ऐकून आणि आकड्यांत मांडून बघायचे असेल, तर फुकट मिळणाऱ्या साधनांत आय-जॅस या शिकणाऱ्यांच्या जपानीच्या संग्रहाच्या (कॉर्पसच्या) तोडीचे दुसरे नाही. गुण 5 पैकी 4. कापलेल्या एका गुणाचे कारण शेवटी.

तोक्योजवळच्या ताचिकावा इथल्या राष्ट्रीय जपानी भाषा संस्थेने हा संग्रह केला आहे. 12 मातृभाषांचे 1000 शिकणारे आणि तुलनेसाठी 50 जपानी भाषक, सगळ्यांकडून तीच कामे करून घेतलेली: चित्रमालिका बघून गोष्ट सांगणे, सुमारे अर्ध्या तासाच्या गप्पा, दोन रोल-प्ले, एक चित्रवर्णन. पहिल्या रोल-प्लेत रेस्टॉरंटच्या मॅनेजरकडे कामाचे दिवस आठवड्याला 3 ऐवजी 2 करून मागायचे असतात. फिलरसाठी ही सोन्याची खाण आहे, कारण भीड घालताना माणूस हमखास चाचरतो. प्रत्येकाची पातळी जे-कॅट आणि स्पॉट या चाचण्यांनी मोजलेली असल्याने नवखा आणि मुरलेला यांची तुलना अंदाजपंचे करावी लागत नाही.

शोध ‘चूनागोन’ या संकेतस्थळावरून होतो. नोंदणी करून अटी मान्य केल्या की खाते मिळते. आय-जॅस निवडा आणि ‘तान्तान्इ केन्साकु’, म्हणजे लघुघटक शोध, उघडा. मुख्य घटकात शब्द टाइप करू नका. शब्दजातीच्या यादीतून ‘कान्दोशी’ (उद्गारवाचक) आणि त्याखालचा ‘फिराऽ’ हा उपप्रकार निवडा. ‘एऽतो’, ‘एत्तो’, ‘एऽत्तो’ अशी लेखनाची रूपे एकेक करून शोधत बसलात तर निम्मी हातची जातील. मागच्या-पुढच्या संदर्भाची लांबी वाढवून घ्या, नाहीतर वाक्य कुठे तुटले ते दिसत नाही. निकाल उतरवून घेताना अक्षरसंकेतन निवडायचा पर्याय असतो. तो न बघता फाइल एक्सेलमध्ये उघडली की कांजीच्या जागी कचरा दिसतो.

इथून पुढे घसरायला बऱ्याच जागा आहेत. मुलाखत घेणाऱ्याचे बोलणेही मजकुरात आहे. बोलणारा कोण, ही गाळणी लावली नाही तर जपानी मुलाखतकाराचे ‘आऽ’ आणि ‘एऽ’ विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात. दुसरे, फिलरच्या खुणेखाली सगळे फिलर येत नाहीत. ‘माऽ’ क्रियाविशेषणात सापडू शकतो. ‘नान्का’ तर ‘काहीतरी’ या अर्थानेही येतो आणि नुसता अडखळ म्हणूनही. या दोघांसाठी ‘मोजिरेत्सु केन्साकु’, म्हणजे अक्षरमालेचा शोध, वेगळा चालवायचा आणि ओळी डोळ्यांनी निवडायच्या. ‘आनो’चेही तेच: ‘आनो हितो’ (तो माणूस) मधला दर्शक ‘तो’ कोणता आणि थांबण्याचा ‘आनोऽ’ कोणता, हे शंका आली की ध्वनिफीत ऐकूनच ठरवावे. आवाजाच्या फायली उतरवून घेता येतात, ही या संग्रहाची मोठी सोय.

नुसते आकडे मात्र फसवे. अर्ध्या तासाच्या गप्पा आणि दोन-तीन मिनिटांची गोष्ट एका तराजूत घालू नका, दर 1000 शब्दांमागे किती ते काढा. समजा 4000 शब्दांत 200 फिलर आले, तर प्रमाण 50. ते जास्त म्हणजे जपानी कच्चे, असेही नाही. मुरलेले जपानी वक्ते व्याख्यानात मुबलक फिलर वापरतात. बघायचे ते जात आणि जागा.

आधी जात. मनातल्या मनात हिशोब करताना किंवा आठवताना ‘एऽतो’ चालतो. ‘आनोऽ’ मागे समोरचा माणूस असतो: आता याला कसे सांगावे, ही चाचपणी. बेरीज करताना ‘आनोऽ’ विचित्र वाटतो. अनोळखी माणसाला थांबवताना ‘आनोऽ, सुमिमासेन’ (माफ करा) बरोबर, तिथे ‘एऽतो’ लावला तर बोलणारा स्वतःशीच पुटपुटतोय असे वाटते. मॅनेजरच्या रोल-प्लेमध्ये जेजेजे हा जपानी भाषकांचा गट लावून विनंतीची पहिली दोन वाक्ये ऐका, मग तोच भाग शिकणाऱ्यांचा ऐका. जो सगळीकडे एकच ‘एऽतो’ फिरवतो तो लगेच कळतो. मित्रांकडून उचललेला ‘नान्का’ मॅनेजरसमोर फेकणाराही कळतो. व्याकरण चोख आणि तरी उद्धट, असा तो प्रकार.

मग जागा. ‘तोशोकान नि, एऽतो, इकिमाश्ता’ (ग्रंथालयात, अं, गेलो) कानाला खटकत नाही. ‘तोशोकान, एऽतो, नि’ खटकते, कारण नाम आणि त्याचा प्रत्यय यांच्या मध्ये पाचर बसली. मराठीत ‘शाळे… अं… त’ कोणी म्हणत नाही, तेव्हा मराठी माणसाला हे मुद्दाम शिकवायला नको. तरीही हे होते, कारण ‘नि’ लावायचा की ‘दे’ हेच त्या क्षणी ठरलेले नसते. म्हणजे दुखणे फिलरचे नाही, विभक्तीचे आहे. चूनागोनमध्ये ते थेट पकडता येते: मुख्य घटक फिलर, आधीचा 1 शब्द नाम, नंतरचा 1 शब्द विभक्तीचा प्रत्यय. चिन्हे मोजणीतून वगळण्याचा पर्याय चालू ठेवा. नाहीतर स्वल्पविरामच एक शब्द धरला जातो आणि निकाल शून्य येतो.

उणे बाजूला दोन गोष्टी. शोधाची सगळी परिभाषा जपानी व्याकरणातली आहे, साधारण एन-3 च्या खाली एकट्याने हात घालू नये. आणि 12 मातृभाषांत चिनी, कोरियन, थाई, व्हिएतनामी, इंडोनेशियन, तुर्की, हंगेरियनसुद्धा आहेत, पण भारतीय भाषा एकही नाही. तो गुण इथे गेला. ‘म्हणजे’च्या जागी ‘त्सुमारी’ घालणारा मराठी विद्यार्थी या संग्रहात शोधून सापडणार नाही. शिक्षकांनी 4-5 चित्रांची मालिका देऊन वर्गातच गोष्ट रेकॉर्ड करावी, फिलरसकट शब्दशः उतरवावी आणि जेजेजेच्या गोष्टींशेजारी ठेवावी. उतरवताना ‘अंऽ’ आणि ‘हां’ गाळण्याचा मोह होतो. तेच टिपायचे आहेत.