उद्यमनगरातला मीटरवाला: किलोमीटर जुळले, डिझेलचा काटा मात्र अजून रुसलेला

गाडी २०१४ ची, डिझेल हॅचबॅक. पावसाळ्यात मीटरचा डिस्प्ले आधी फिकट झाला आणि मग पूर्णच गेला. काटे हलायचे, दिवे लागायचे, पण किलोमीटर आणि घड्याळ गायब.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: पूर्ण असेंब्ली बदला, सोळा हजारांच्या पुढं खर्च, आणि नवा मीटर शून्यापासून सुरू. जुने किलोमीटर टाकून मिळतील का विचारलं, तर "सिस्टीममध्ये नोंद राहते सर" एवढंच. मी सूतगिरणीत हिशेब बघतो. दहा वर्षं चाललेल्या फर्मचा ओपनिंग बॅलन्स शून्य दाखवायचा? उद्या गाडी विकायला काढली तर घेणारा मलाच लबाड ठरवणार. शिवाय ऑइल कधी बदलायचं, क्लच किती चालला, हे सगळं त्या आकड्यावरच.

शेवटी गॅरेजवाल्या मित्रानं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्याचा पत्ता दिला. बोर्ड नाही, बसायला एक बाकडं. टेबलावर हॉट एअर गन, भिंग, जुना लॅपटॉप आणि मागं फळीवर उघडलेल्या मीटरांची रास. मालकानं आधी आरसी बघितली, मग शेवटचं जॉब कार्ड मागितलं. त्यावर १,१२,४०६ किलोमीटर होते. त्यानंतर रोजचं इचलकरंजी आणि मधे गणपतीपुळे झालेलं, म्हणजे खरा आकडा त्याच्या पुढंच असणार.

डिस्प्ले मेला तरी आकडा मरत नाही, हे मला तिथं कळलं. सर्किट बोर्डावर आठ पायांची, तांदळापेक्षा जरा मोठी मेमरी चिप असते आणि किलोमीटर तिच्यात साठलेले असतात. मालकानं गरम हवेनं ती उचलली, रीडरवर बसवली. लॅपटॉपवर आकड्या-अक्षरांच्या ओळी आल्या. तोच मजकूर पुन्हा पुन्हा का दिसतोय विचारलं, तर म्हणाला, "एका जागी लिहून चिप झिजती, म्हणून चार ठिकाणी लिवत्यात." उलगडून आकडा निघाला १,१४,०३१. जॉब कार्डाशी पडताळलं, बसतंय.

मग भंगारात निघालेल्या गाडीचा मीटर घेतला. इथं या माणसाची चिकाटी दिसली. पहिला मीटर दिसायला हुबेहूब होता, पण त्यानं बाजूला ठेवला, कारण तो पेट्रोलचा होता. आरपीएमची पट्टी आठ हजारांपर्यंत आणि डिझेल इंजिन सुरू करताना तापणाऱ्या ग्लो प्लगचा वेटोळ्यासारखा दिवाच नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळणारा सापडल्यावरच माझी चिप त्यात बसवली. "तुमची किल्लीची भानगड मीटरात न्हाई, म्हणून सोपं गेलं," म्हणाला. पोलोसारख्या गाडीत इमोबिलायझर, म्हणजे किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, मीटरमध्येच असतो. तिथं नुसता मीटर बदलला तर इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं.

मी बसलो असताना एक एजंट आला. लाखाच्या वर चाललेली गाडी साठ हजारांवर आणून पाहिजे होती, पैसे म्हणेल तेवढे. मालकानं मानही वर केली नाही. "मागं करायचं असंल तर दुसरीकडं बघा." एजंटानं थोडी हुज्जत घातली आणि गेला. मला वाटतं, मीटरवाला निवडताना त्याचं मशीन बघण्यापेक्षा तो असल्या गिऱ्हाइकाला काय सांगतो ते ऐकावं. कमी किलोमीटर दाखवून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि काही गाड्यांत दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही किलोमीटर साठतात, त्यामुळं स्कॅनर लावला की पितळ उघडं पडतं.

मीटर धरून साडेचार हजार झाले. हातानं लिहिलेलं बिल, पण त्यावर चासी नंबर, दोन्ही मीटरांचे पार्ट नंबर आणि रीडिंग, खाली शिक्का. जुना मीटर पिशवीत घालून परत दिला. तीन महिन्यांची गॅरंटी तोंडी आहे, ती मात्र लिहून घ्यायला हवी.

तक्रार एकच. टाकी फुल केली तरी डिझेलचा काटा पाऊणवर थांबतोय. काटा काढून परत बसवावा लागेल, पैसे घेणार नाही, असं म्हणालाय. पण फोन उचलत नाही, म्हणून पुन्हा जावंच लागणार. दुपारी चारनंतर गर्दी असते, तेव्हा सकाळी गेलेलं बरं. सोमवारी बंद.